तरंगणाऱ्या पेशी

"दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलायचं, बाकी काही करायचं नाही. एवढं जमेल ना तुला?" पोटावर हात ठेवून युन-रूताईने विचारलं.

"ताई, मी काय काल आलोय का इथे? माझ्याही पेशी आहेतच की."

"तुझ्या पेशी सरळ वळणाच्या आहेत रे. माझ्या जरा तऱ्हेवाईक. त्या काय करतात माहितीये का..." असं म्हणता म्हणता ताईने टेबलाची कड घट्ट धरली. कळ आली होती. मग धावपळ, लिफ्ट, टॅक्सी. ताईच्या पेशी काय करतात हे सांगायचं राहूनच गेलं.

हुंग वेई-लुन ताइनानच्या त्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं पीएच.डी. करत होता, की 'संपलं का रे?' असं विचारणं आता त्याच्या आईनेही सोडून दिलं होतं. त्याचा विषय चेतापेशी. युन-रूताईचा विषय फुफ्फुसाचा एक जहाल कॅन्सर. प्रयोगशाळा चालवणाऱ्या लाय सरांनी दोघांना एकाच खोलीत बसवलं होतं ते मुद्दाम. या कॅन्सरच्या पेशी राहतात फुफ्फुसात, पण अंगावर मिरवतात चेतापेशींची प्रथिनं. त्या प्रथिनांवर रंग चढतो की नाही हे पाहूनच डॉक्टर हा कॅन्सर ओळखतात. म्हणून एकाने खऱ्या चेतापेशी वाढवायच्या, दुसरीने तोतया, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. दोघं वर्षानुवर्षं पाठीला पाठ लावून काम करत होते. मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं ते लालसर पाणी, दोघं एकाच बाटलीतून घेत. मात्र एकमेकांच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बाटलीत, डोकावायची वेळ कधी आली नव्हती.

ताईच्या पेशी त्सेंगआजोबांच्या होत्या. आजोबा युजिंगचे आंबेवाले. शेवटी शेवटी त्यांच्या छातीत पाणी झालं. ते काढलं, तेव्हा त्यातल्या पेशी ताईने मागून घेतल्या. आजोबा गेले, पेशी जगल्या. तसल्या पेशी जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. काही नळ्यांत भरून गोठवून ठेवलेल्या होत्या, पण छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत टाकीतला नायट्रोजन संपला आणि त्या नळ्या वाया गेल्या. नव्या गोठवायच्या, तेवढ्यात बाळाने घाई केली. उरला तो एकच फ्लास्क.

मीडियम बदलायच्या दिवशी वेई-लुनने तो फ्लास्क उजेडात धरला. सगळ्या पेशी सुटून गोळ्यागोळ्यांनी तरंगत होत्या. त्याच्या आयुष्यात तरंगणाऱ्या पेशीचा एकच अर्थ होता. चेतापेशी धडधाकट असेल तर तळ धरून बसते, मेली की वर येते.

"ताईच्या हातून आजारी पडल्या असणार," असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. "मेलेल्या काढून टाकू. तळाशी जिवंत असतील त्या वाढतील."

त्याने सगळं पाणी काढलं. फ्लास्क नीट धुतला. मन लावून काम करणारा मुलगा तो, म्हणून पुन्हा एकदा धुतला. काढलेलं पाणी नियमाप्रमाणे जंतुनाशकात ओतलं. नवं मीडियम घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तळ स्वच्छ होता. नव्या नवरीच्या ताटासारखा लखलखीत. एक पेशी नव्हती.

मग त्याने पुस्तक उघडलं. 'या कर्करोगाच्या पेशी तळाला न चिकटता पुंजक्यांनी तरंगत वाढतात,' असं पहिल्याच परिच्छेदात छापलेलं होतं. त्या वाक्याखाली त्यानेच कधीतरी पेन्सिलने रेघ मारली होती.

पेशींना ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरवर, तिथल्या समजुतीप्रमाणे यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून ठेवलेला कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा होता. वेई-लुन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. यंत्र शहाण्यासारखंच चाललं होतं. माणसासाठी कुठला पुडा ठेवायचा ते कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. युजिंगच्या त्सेंगआजी होत्या.

"आंब्याची पेटी धाडलीय बघ पोरा. युन-रू बाळंत झाली म्हणे? मग आमच्या ह्यांच्याकडे कोण बघतं?"

"मी... मी बघतो, आजी."

"बरे आहेत ना?"

"आत्ताच पाणी बदललं," एवढंच कसंबसं म्हणून त्याने फोन ठेवला. एका माणसाला आपण दुसऱ्यांदा मारलं, आणि वर त्याच्या बायकोचे आंबे खायचे! पेटी आली तेव्हा त्याने ती उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. बाळंतिणींच्या विश्रामगृहात ताई उशांना टेकून बसली होती आणि तिळाच्या तेलातली कोंबडी चमच्याने ढोसत होती.

"चारी ठाव खाऊन खाऊन जीव गेला माझा. ते सोड. पेशी दाखव."

"बाळ दाखव की आधी."

"बाळ झोपलंय. पेशी दाखव म्हणते ना!"

"नेट... नेट नीट चालत नाहीये, ताई," असं म्हणून त्याने फोन बंद केला. आता काय करावं? खरं सांगावं, तर ओली बाळंतीण. दूध आटलं तर ते पापही आपल्याच माथी. 'ती परत येईपर्यंत,' तो मनाशी म्हणाला, 'फक्त तोपर्यंत.' आणि त्याने आपल्या चेतापेशींचा एक फ्लास्क टेबलावर हलकेच आपटला. चिकटून राहाव्यात म्हणून लेप दिलेल्या तळावरून त्या सुटल्या आणि गोळ्यागोळ्यांनी तरंगायला लागल्या. त्या त्याने ताईच्या फ्लास्कमध्ये ओतल्या आणि फोन लावला.

"अगं बाई! केवढ्या गुटगुटीत झाल्यात!" ताईचे डोळे भरून आले. "तुझ्या हाताला गुण आहे रे, वेई-लुन."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

ताईने हे कौतुक लाय सरांना कळवलं. सर हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. ते रागावले की आवाज आणखी हळू होई, त्यामुळे त्यांच्यापुढे सगळे कान टवकारून उभे राहत.

"हुंग, पेशी छान आहेत म्हणे. तैपेईहून पेशीपेढीच्या फांग मॅडम येतायत. त्यांना दाखवायला रंगवून ठेव. सगळी खूणप्रथिनं."

वेई-लुनने रंगवल्या. चेतापेशीच त्या, चेतापेशींची प्रथिनं दाखवणारच. सिनॅप्टोफायसिन नावाच्या प्रथिनाचा तपकिरी रंग असा काही चढला की सर सूक्ष्मदर्शकावरून उठेनात.

"युन-रूला आजवर इतका सुरेख रंग कधी मिळाला नव्हता," सर म्हणाले. "काय केलंस तू?"

"काही नाही, सर," वेई-लुन म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. सरांना तो विनय वाटला.

फांग मॅडमनाही त्या आवडल्या. इतक्या, की देशभरातल्या प्रयोगशाळांना जिथून पेशी पुरवल्या जातात त्या पेढीत या पेशी ठेवायच्या असं त्यांनी जाहीरच केलं. "फक्त डीएनएची ओळख पटवून घेऊ. आजोबांच्या गाठीचा तुकडा रुग्णालयात मेणात जपलेला आहेच. नियमच आहे तो." सरांनी नमुना त्यांच्याच हाती दिला.

वेई-लुनचं आता पुरतं अवसान गळालं. आजपर्यंत खोटं एका फ्लास्कपुरतं होतं, आता ते देशाला वाटलं जाणार होतं, आणि त्याआधी उघडं पडणार होतं. तो देवळात गेला. उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि लाकडी कौल हातात घेऊन देवाला विचारलं, "सरांना सांगून टाकू का?" कौल टाकला. दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देव हसला. त्याने पुन्हा टाकला. देव पुन्हा हसला.

"विचारायची तऱ्हा चुकतेय तुमची," बाजूची म्हातारी म्हणाली. "नीट सगळं सांगून विचारा."

"सगळं सांगितलं तर तो हसायचा थांबेल, आजी," वेई-लुन म्हणाला आणि उठला. देवाकडून काही होण्यासारखं नव्हतं.

महिना भरल्यावर ताई बाळाला घेऊन प्रयोगशाळेत आली. सगळ्यांसाठी रिवाजाप्रमाणे तेलभाताचे डबे आणि लाल रंगवलेली अंडी. सरांच्या खोलीत तिघं बसले. सर अंडं सोलत होते. वेई-लुन डबा न उघडताच उभा राहिला, खुर्चीमागे गेला आणि कमरेत वाकला.

"सर, ताई, मी त्सेंगआजोबांच्या पेशी ओतून टाकल्या."

मग त्याने सगळं सांगितलं. तरंगणं, धुणं, पुन्हा धुणं, टेबलावर आपटणं, काही शिल्लक ठेवलं नाही. ताई पांढरी पडली. सरांनी सोललेलं अंडं खाली ठेवलं आणि इतक्या हळू काहीतरी म्हणाले की कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात, सर?"

"थांब म्हणालो. फांग मॅडमचा अहवाल सकाळीच आलाय. मी उघडलेला नाही." सरांनी संगणकाकडे खुर्ची वळवली. एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हुंग, तुला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे, सर."

"मग असं का बोलतोस? जुळतंय सगळं. या त्सेंग यांच्याच पेशी आहेत."

"शक्यच नाही! मी माझ्या हाताने ओतल्या त्या."

"मग या कुठून आल्या?"

"माझ्या फ्लास्कमधून. माझ्या चेतापेशी आहेत त्या."

ताई हळूहळू भानावर येत होती. रंग तिच्या चेहऱ्यावर परतला, आणि मग तिथे एक विचित्र भाव उमटला. दया म्हणावी तर तसा.

"वेई-लुन," ती म्हणाली, "आपण मीडियम एकाच बाटलीतून घ्यायचो ना रे?"

"हो."

"माझी मीडियम ओढायची नळी तिच्यात बुडायची. मग तुझी."

"हो, मग?"

"तुझ्या फ्लास्कमध्ये जर आजोबा असतील, तर तुझ्या चेतापेशी कुठे आहेत?"

कधीतरी, काही वर्षांपूर्वी, ताईच्या नळीतून एखादा थेंब त्या बाटलीत पडला असणार आणि तिथून वेई-लुनच्या फ्लास्कमध्ये. कॅन्सर तो, भराभरा वाढला. वेई-लुनने तळाला लेप दिलेला होता, म्हणून तरंगायचं सोडून तिथे ऐसपैस बसला, चेतापेशींसारख्या शेपट्याही काढल्या. प्रथिनं तर अंगावर आधीपासूनच होती. पाहुणा येऊन घरधनी झाला, पाटीवरचं नावसुद्धा बदलावं लागलं नाही. आणि बिचारा वेई-लुन त्याला रोज खाऊ घालून त्याच्यावर प्रबंध लिहीत राहिला. त्या जाडजूड प्रबंधात प्रत्येक पानावर चेतापेशी हा शब्द होता. चेतापेशी मात्र एकही नव्हती.

"या पेशी तू आणखी कुणाला दिल्यास?" सरांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"वरच्या मजल्यावर. काओश्युंगला. सिन्चूला दोन ठिकाणी," वेई-लुनने बोटांवर मोजलं. "आणि क्योतोला. पण त्या तुम्ही दिल्यात, सर. भेट म्हणून."

सरांनी अंडं पुन्हा उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. मग कुणाला तरी फोन करायचा म्हणून ते बाहेर गेले, फोन खोलीतच विसरून.

"माझं सगळं गेलं, ताई," वेई-लुन म्हणाला. "पहिल्यापासून करायचं आता."

"हो रे," ताई म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. "पण माझ्या वाचल्या. भात खा."

खरंच, कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती. त्याने डबा चाटूनपुसून संपवला. मग ताईने बाळ त्याच्या हातात दिलं आणि ती हातमोजे चढवायला लागली.

"मीडियम बदलून येते. बाळ सांभाळ. बाळ तुला जमेल. फ्लास्कला मात्र बोट लावायचं नाही."

वेई-लुन त्या झोपलेल्या लाल तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला.

"ताई, हे नक्की तुझंच ना गं? तिथे सगळी बाळं एकाच खोलीत ठेवतात म्हणे."

चापट मारायला ताईने हात उचलला. मग तो हळूच खाली घेतला, ती वाकली, आणि तिने बाळाचं नाक एकदा नीट पाहून घेतलं.