सुभेदारांच्या अंगणातलं नेत्रशिबिर

"आता ह्या गावात एक माणूस धुरकट बघणार न्हाई! माझी पोरगी डोळ्यांची डॉक्टर झाली!" अशी घोषणा सुभेदार कृष्णात यांनी शनिवारी सकाळी दूध डेअरीच्या पायरीवर उभं राहून केली, चार लोकांच्या टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्याचीच किटली उचलून घरी आले.

किटलीचा घोळ त्यांच्या पत्नी अंजनाताईंनी निस्तरला. घोषणेचा निस्तरता येईना, कारण त्यांची लेक सृष्टी डॉक्टर झालेली नव्हती. ती सांगलीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. नजर तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्यांतला बिघाड वेळेत ओळखणं, हे ज्या परदेशी कॉलेजात शिकायचं तिच्या मनात होतं, त्या कॉलेजानं तिचे बी.एस्सी.चे बेताचे मार्क बघून सल्ला दिला होता, की आधी एखादी मास्टर्स चांगली करा, मग या. त्यामुळे एम.एस्सी. हे सृष्टीचं गाव नव्हतंच, वाटेतला थांबा होता. फक्त त्या थांब्यावर एसटीनं दोन वर्षं मुक्काम ठोकला होता आणि सृष्टी त्या मुक्कामाला आता पुरती विटली होती.

हे तिनं वडिलांना कितीदा समजावलं असेल. पण सुभेदारांची उमर फौजेत गेलेली.

"आमच्या पलटणीत कोर्सला नुसतं नाव गेलं की पेढं वाटायचं," ते आठवड्यापूर्वी फोनवर म्हणाले होते. "नापास हून परत यायची पद्धतच न्हवती."

"आवं आबा, पण माझं नाव अजून कुठं लागलंय? शनिवारी संध्याकाळी मुलाखत हाय माझी. त्यात नापास झाले तर सगळंच बोंबललं."

"मुलाखत म्हंजे निस्ती फॉर्म्यालिटी. तू घरी ये. होस्टेलवर चौघी एका खोलीत कलकलाट करता. हितं माडीवर निवांत बस. चिटपाखरू यायचं न्हाई."

म्हणून त्याच शनिवारी दुपारी सृष्टी वाईपलीकडच्या आपल्या गावच्या फाट्यावर उतरली. पाठीला सॅक, डोक्यात प्रकाशाचं अपवर्तन आणि अंगात दोन महिन्यांची राहिलेली झोप. फाट्यावर नवा फ्लेक्स लागला होता. 'डॉ. सृष्टी यांचे हार्दिक अभिनंदन! भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर. आज संध्याकाळी पाच वाजता, सुभेदारांच्या अंगणात.' कोपऱ्यात सृष्टीचा बारावीतला फोटो होता, दोन वेण्यांचा. मधोमध, तिच्या चौपट मोठे, माजी सरपंच लालासाहेब होते. नेत्रशिबिर असल्यानं त्यांनी काळा गॉगल घातला होता.

लालासाहेबांना येत्या निवडणुकीत 'माजी' हा शब्द पुसायचा होता. डेअरीवरची घोषणा त्यांनी ऐकली आणि दुपारपर्यंत फ्लेक्स छापून आणला.

"आबा, हे काढा!" सृष्टी घरात पाय टाकताच म्हणाली. "मी डॉक्टर न्हाई. मला कुणाच्या डोळ्याला हात लावायची परवानगी न्हाई. तिकडच्या लोकांना कळलं ना, की ही आत्ताच डॉक्टर म्हणून मिरवती, तर मला दारातनंच माघारी लावतील!"

सुभेदारांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "परवानगी लागती व्हय?"

"लागती!"

"मग आता कसं गं? मांडव पडलाय."

पाचाला अंगण भरलं. आटपाडीहून लेकीकडे आलेले कुणाचे तरी व्याहीही आले, कारण फुकट शिबिराला पाहुणे घरी ठेवून जाणं बरं दिसत नाही. सृष्टी खुर्चीवर उभी राहिली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "मंडळी, मी डॉक्टर नाही. अजून कॉलेजला जायचंय."

"आगं, मग आत्ता कुठं जातीस?" शेजारच्या धनाजीकाकांनी विचारलं.

"कॉलेजलाच."

"आन् ते झालं की?"

"दुसऱ्या कॉलेजला."

"तिथं किती वर्सं?"

"चार."

अंगणानं बोटांवर हिशेब घातला. "पोरगी हुशार दिसत न्हाई," आटपाडीचे व्याही हळूच म्हणाले. "हुशार असती तर एकाच कॉलेजात झालं असतं."

तरी कुणी उठेना. तपासायचं नाही म्हणतीये तर न तपासता सांगू दे, असा एकंदर सूर होता. सृष्टी प्रत्येकाला तेच सांगत राहिली. "मला येत नाही. साताऱ्याला दाखवा. मला येत नाही. वाईला दाखवा." धनाजीकाका मात्र म्हणाले, की परवापासनं डाव्या डोळ्यापुढं पडदा आल्यागत वाटतंय. तेव्हा ती खुर्चीवरून उतरली.

"दुखतंय का?"

"अजाबात न्हाई. म्हणून तर घरी सांगितलं न्हाई."

"काका, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला जायचं. सकाळी न्हाई. असा न दुखता पडदा आला तर उशीर केल्यानं डोळा जातो, एवढं मी वाचलंय. आबा, लालासाहेबांची गाडी मागा."

गाडी म्हणजे प्रचाराची गाडी. ती दिली तर शिबिर संपेपर्यंत लालासाहेबांच्या नावाचा भोंगा बंद राहणार. लालासाहेब जरा घुटमळले. पण सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं, त्यात मतदारही होते. गाडी गेली. भोंगा बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही, त्यामुळे धनाजीकाका जयघोषात रवाना झाले.

ही गडबड निवळेपर्यंत साडेसात वाजले आणि मुलाखतीची वेळ झाली. सृष्टी माडीवर धावली, केस सारखे केले आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी इंग्रजीत पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची एम.एस्सी. होत आलीये. मग पुन्हा पहिलीपासून कशाला?"

सृष्टीला वाटलं, बाईंचं माहेर आटपाडीचं असावं.

ती उत्तर जुळवतेय तोच जिन्यात पावलं वाजली. लालासाहेब हार घेऊन आले होते, मागे निम्मं शिबिर होतं. सुभेदार त्यांना अडवायला म्हणून धावले आणि पडद्यावर बाई दिसताच सवयीनं सावधानमध्ये उभे राहिले.

"ही मंडळी कोण?" बाईंनी विचारलं.

"सांग, कॅम्प हाय म्हणून!" लालासाहेब कुजबुजले. "तुझे पेशंट म्हणून सांग, मार्क वाढतील!"

सृष्टीनं एकदा हाराकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. खोटं बोलायला सुद्धा अंगात त्राण लागतं, ते तिच्याकडे उरलं नव्हतं. "हे आमच्या गावातले लोक," ती म्हणाली. "यांना वाटलं मी डॉक्टर झाले. संध्याकाळभर मी एवढंच सांगतेय, की मला अजून काही येत नाही. एकाच्या डोळ्यापुढं पडदा आला होता, त्याला दवाखान्यात पाठवलं. बाकी कुणाला हात लावलेला नाही. पण हात लावायचा तर नीट शिकून लावावा, म्हणून पुन्हा पहिलीपासून."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला आम्ही मुलांना हेच शिकवतो, आपल्याला काय येत नाही ते ओळखायला. बऱ्याच जणांचं चौथ्या वर्षापर्यंत चालतं ते. रीतसर कळवूच. पण जागा धरून ठेवते मी." आणि सुभेदारांकडे बघून त्यांनी हलकेच मान लववली. सुभेदारांनी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.

मुलाखत संपते न संपते तोच साताऱ्याहून फोन आला. धनाजीकाकांना दाखल करून घेतलं होतं. वेळेत आणलंत, डोळा वाचेल असं वाटतंय, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग काय विचारता! हार सृष्टीच्या गळ्यात पडला. तिला सगळ्यांनी मिरवत खाली आणलं. अंजनाताईंनी डोळे पुसले. लालासाहेबांनी भाषण सुरू केलं, की या मातीत नजर आहे, या लेकीच्या हाती उद्या जगाचे डोळे असतील. सुभेदारांनी "भारत माता की" म्हटलं आणि अंगणानं "जय" म्हटलं.

"झालं का तुमचं?" पलीकडच्या ओट्यावरून म्हाताऱ्या बनाबाई उठल्या. शिबिराकडे त्यांनी आतापर्यंत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत त्या सृष्टीपुढे आल्या आणि त्यांनी मूठ उघडली.

"बाई, तुझं शिकून हुईल तवा हुईल. तवर ह्या सुईत तेवढा दोरा ओवून दे."