जनूभाऊंचं नाक

जनूभाऊ विडी ओढत नाहीत, सिगारेट ओढत नाहीत, पण दुसऱ्यांनी ओढायचा धूर घरी बनवतात. ओट्यावर ग्लिसरीनची बरणी, शेजारी अर्कांच्या इवल्या बाटल्या आणि सुई नसलेली सिरिंज. फणस, जाम, ताडगोळा, वेलची, लवंग. थेंब थेंब मिसळायचं, भाच्याने आखातातून आणलेल्या पेनासारख्या यंत्रात भरायचं आणि माझ्या हातात द्यायचं.

"बंदी आहे हो याच्यावर," मी म्हणालो.

"म्हणून तर दार लोटून घ्या म्हणतो, शेठ."

मी शेठ वगैरे नाही. सायकलवर केळीचे घड लादून धंदा सुरू केला. आज निर्मळ-नंदाखाल या गावांच्या वाड्यांतला माल माझ्या टेम्पोतून जातो. भाव करताना मला कोणी हरवलेलं नाही. या शेजाऱ्याने हरवलं, आणि ते मी विसरलेलो नाही.

डॉक्टरने माझी छाती तपासून तोंड वाकडं केलं, त्याच संध्याकाळी जनूभाऊ दारात.

"विड्या द्या इकडे."

"अर्ध्या देतो."

"सगळ्या. बदल्यात सुकेळीचा धूर देतो. तंबाखूचा कणही नाही त्यात. नाही जमला तर विड्या परत."

सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. माझी आई वाळवायची. मी भुललो आणि बंडलं देऊन टाकली. सुकेळी जमेना म्हणून विड्या मागितल्या, तर म्हणतात, "नाही जमली कुठे? जमतेय." सौद्यात मुदत घालायची राहिली होती! आयुष्यात पहिल्यांदा.

जनूभाऊंनी सगळी नोकरी सरबत-आइस्क्रीमचे अर्क बनवणाऱ्या कारखान्यात केली, तीही वास घेण्याची. पूर्वी जिन्यात उभे राहून कोणाकडे बोंबील आणि कोणाकडे मांदेली ते सांगायचे. "नाक खोटं बोलत नाही," हे पालुपद. आता घरात एकटेच. रोज संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली की मी जायचं.

"ओढा. काय आलं?"

"केळ्याचं आइस्क्रीम."

"अन् मागून?"

"मागून राग आला."

ते खूश व्हायचे आणि पुन्हा थेंब टाकायला लागायचे.

मध्यंतरी त्यांच्याकडे दूध करपलं. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि हे त्याच शेगडीशेजारी बाटल्या पुसत उभे. मी शिव्या घालतच गॅस बंद केला. "लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाले.

परवा मात्र त्यांनी नवं मिश्रण नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "वा! सांडोर गावच्या अंगणात वाळत घातल्यासारखी!"

मी ओढलं. नुसती लवंग! जीभ झोंबली, दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. चिकट हातांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसल्या गेल्या होत्या आणि हात भलत्याच बाटलीवर पडला होता.

शिवी ओठांवर आली होती. वर पाहिलं तर ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात तसे. मला करपलेलं दूध आठवलं. मग रोजचं "काय आलं?" आठवलं. वास-चव घालवणाऱ्या त्या मोठ्या साथीत आम्ही सगळेच तापाने पडलो होतो. आमचे वास परत आले. यांचा आला नव्हता, आणि हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"सुकेळीच आहे," मी म्हणालो.

"बघा! नाक खोटं बोलत नाही."

"पण कच्ची आहे. अजून दोन उन्हं हवीत."

"उद्या या मग."

दुसऱ्या दिवशी मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातले दोरे घेऊन गेलो, प्रत्येक बाटलीचं बूच उघडून वास घेतला आणि तिच्या गळ्यात दोरा बांधायला लागलो.

"हे काय चाललंय?"

"मला ही बारीक अक्षरं दिसत नाहीत. माझ्यासाठी बांधतोय. पिवळा केळ्याला, लाल लवंगेला."

"काल तर गॅलरीतून टेम्पोचा नंबर वाचलात."

"अंदाजाने बोललो."

मी भांडायच्या तयारीत होतो. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरही वाद घालतो. पण लाल दोऱ्याची बाटली उचलून त्यांनी गाठ अंगठ्याने चाचपून पाहिली.

"घट्ट मारा," म्हणाले. मग पाठ फिरवून ग्लिसरीनची बरणी उगाच इकडची तिकडे केली. "शेठ, विड्या हव्यात का परत?"

"सौदा म्हणजे सौदा," मी म्हणालो. "सुकेळी जमेपर्यंत तुमच्याकडेच राहू देत."