ढब्बूची खाज आणि सगळ्यांची नरसाळी

वजनमापे खात्यातील निरीक्षकांच्या ढब्बू नावाच्या कुत्र्याला खाज सुटली, ही बाब सुरुवातीला निव्वळ घरगुती होती. ढब्बू जेवताना खाजवायचा, झोपेत खाजवायचा, आणि निरीक्षक घरी आले की आधी खाजवून घेऊन मगच शेपटी हलवायचा. पोटावरचे केस गळून गुलाबी चामडी दिसू लागली, तेव्हा निरीक्षकांनी रजा टाकून पशुवैद्य गाठले. तराजू केसभर झुकला तरी दुकानदाराला घाम फोडणारे हे गृहस्थ, ढब्बू कण्हला की स्वतःच रडवेले होत.

पशुवैद्यांनी ढब्बूला टेबलावर चढवलं, लांबूनच न्याहाळलं आणि त्याचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला.

"अ‍ॅलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले.

"कशाची? धुळीची?"

"माणसांची."

"म्हणजे आमची?" निरीक्षकांच्या बायकोनं विचारलं.

"तुम्ही माणसांत मोडत असाल तर तुमचीही. माणसाच्या डोक्यातून कोंडा गळत असतो. तो अंगावर पडला की याला खाज सुटते."

ढब्बूनं स्वतःला चावू नये म्हणून डॉक्टरांनी त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं. ढब्बूनं ते भिंतीवर आपटून फोडलं. दुसरं दिलं, तेही फोडलं. डॉक्टर विचारात पडले. मग म्हणाले, "रुग्ण सहकार्य करत नसेल तर रोगाच्या कारणाला आवर घालावा, असं शास्त्र सांगतं. नरसाळी तुम्ही घाला. कोंडा तुमचा तुमच्यातच साठेल."

"अहो, हा काय वेड्यांचा बाजार!" बायको म्हणाली. पण ढब्बूनं तिच्याकडे असं काही पाहिलं की तिनं मुकाट्यानं मान पुढे केली.

नरसाळ्यामुळे चहा नळीनं प्यावा लागे. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. भांडणं मात्र घटली. भांडायला समोरासमोर यावं लागायचं आणि दोघंही तेवढ्यानंच दमायची.

कपड्यांवरून कोंडा घरी येऊ नये म्हणून निरीक्षक नरसाळ्यासकट कचेरीत गेले. साहेबांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं.

"हे काय?"

"आरोग्याच्या कारणास्तव, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. वरून काही आदेश निघाला आणि आपल्याला कळलाच नाही, अशी त्यांना शंका आली. विचारणं म्हणजे अज्ञान कबूल करणं. त्यांनी स्वतःसाठी नरसाळं मागवलं. हुद्द्याला शोभेल असं, निरीक्षकांपेक्षा चार बोटं मोठं. दुपारपर्यंत शिपायांच्या गळ्यात लहान, कारकुनांच्या गळ्यात मध्यम, अशी सगळी कचेरी फुलली. साहेबांच्या वरच्या साहेबांनीही विचारलं नाही.

मग शहर मागे कसं राहणार? दुकानात रेशमी काठाची नरसाळी आली. ज्यांच्या सात पिढ्यांत कुत्रा नव्हता तेही मुक्या प्राण्यांच्या कळवळ्यानं ती घालून फिरू लागले, आणि उघड्या मानेचा माणूस दिसला की त्याला क्रूर ठरवू लागले. यथावकाश नरसाळं सक्तीचं झालं आणि नरसाळे विभाग स्थापन झाला. मापं घेण्याचा अनुभव म्हणून निरीक्षकांनाच त्याचं प्रमुख केलं गेलं.

एवढं होऊनही ढब्बू खाजवतच होता. आता तर त्याच्या अंगातून रक्त येई.

एका सुटीच्या दुपारी निरीक्षकांना राहवलं नाही. त्यांनी पडदे ओढले, नरसाळं उतरवलं आणि ढब्बूशेजारी सरळ फरशीवर आडवे झाले. कित्येक महिन्यांत त्यांनी प्रथमच खाली पाहिलं. ढब्बूच्या पोटावरून काहीतरी टुणकन उडालं.

"अगं, धाव! पिसू!"

बायकोनं आपलं नरसाळं भिरकावलं आणि वाकून पाहिलं. "पिसू कुठली? अख्खं खानदान राहतंय इथे!"

दोघांनी बारीक दातांच्या फणीनं ढब्बूला विंचरलं, औषधाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, असं नेमानं काही दिवस केलं. ढब्बू चारी पाय पसरून घोरू लागला. त्याला तसं झोपलेलं पाहून निरीक्षकांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी तडक साहेबांची खोली गाठली.

"साहेब, अ‍ॅलर्जी नव्हतीच. पिसवा होत्या."

साहेबांनी सगळं अंग वळवून दार लावलं. "पिसवा तुम्हाला दिसल्या कशा? नरसाळ्यातून खालचं दिसत नाही."

"ते... काढलं होतं."

"विभागप्रमुखानं काढलं होतं!" साहेबांचा आवाज प्रेमळ झाला. "ज्या घरात नियम मोडला जातो, तिथलं जनावर ताब्यात घ्यावं, हे कलम तुम्हीच घातलंय ना? आता नीट आठवून सांगा. कुत्रा कशानं बरा झाला?"

निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे घोरणारा ढब्बू आला.

"नरसाळ्यानं, साहेब."

नरसाळ्यानं बरा झालेला पहिला कुत्रा म्हणून ढब्बूचा भर सभागृहात सत्कार झाला. डॉक्टर गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. परतताना निरीक्षक नवी फणी घ्यायला थांबले, तर दुकानदार नरसाळ्यातून कुजबुजला, "बारीक दातांची? शहरात एक शिल्लक नाही. रोज गिऱ्हाइकं येतात. सगळी म्हणतात, शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी हवी आहे."

निरीक्षक घराकडे निघाले. भर दिवसा गल्लीतल्या एकूण एक घराचे पडदे ओढलेले होते आणि प्रत्येक पडद्याआडून खसाखसा विंचरल्याचा आवाज येत होता.

त्या लोकांचं तुम्हाला हसू येत असेल, तर खुशाल हसा. फक्त आधी पडदा ओढून घ्या, म्हणजे, नेहमीसारखाच.