सतरा इंची दंड

शिंप्याच्या दुकानाची चावी सक्तीच्या आरामासाठी थोरल्या भावाच्या खिशात गेली, त्याला तीन महिने झाले. शिंप्याचा गुन्हा एवढाच, की घरच्या यंत्रावर त्याचा रक्तदाब एकशे सत्तर दिसला. मग हौसेने इतरांनीही दंडाला पट्टा बांधून पाहिला, तर थोरला एकशे पंच्याहत्तर आणि बहीण एकशे ऐंशी!

आकड्यांची वही पाहून डॉक्टर म्हणाले, "काही घराण्यांत एखाद्या जनुकात फरक असतो. त्याने शरीरातलं कॅल्शियमचं गणित बिघडून रक्तदाब वाढू शकतो. तुमच्यात तसं आहे का, ते तपासू."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. घराण्याला स्वतःचं जनुक मिळालं होतं! कॅल्शियम जास्त झालं असणार म्हणून थोरल्याने दूध सोडलं, कमी पडलं असणार म्हणून बहिणीने ते दुप्पट केलं. कामाला मात्र दोघांनी एकमताने हात लावणं बंद केलं. बाजार, स्वयंपाक, झाडलोट सगळं शिंप्याच्या बायकोवर आलं. ती परक्या घरची, तिच्यात जनुक कुठलं? तिला पट्टा बांधून बघायचंही कोणाला सुचलं नाही.

दुकानावाचून शिंपी झुरत होता. मशीन बंद, गिऱ्हाइकं दुसरीकडे चाललेली. शेवटी हात शिवशिवले म्हणून तो घरच्यांचीच मापं घेत सुटला. दंड सतरा, साडेसतरा, सतरा. मग त्याने सहज यंत्राचा पट्टा उलटला. आत छापलं होतं, तेरा इंचांपर्यंत. वीस वर्षं या घरातल्या बाह्या त्यानेच ढगळ शिवल्या होत्या, आणि पट्टा ओढूनताणून बसवताना त्यालाच काही वाटलं नव्हतं! कपाळावर हात मारून त्याने दवाखाना गाठला.

"पट्टा लहान पडला की आकडा उगाच फुगतो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मी तुमच्या वहीवर विसंबलो. तपासणीत कॅल्शियम तर सगळ्यांचं चोख आलंय."

"आणि आमचं जनुक?"

"तुमच्यात आनुवंशिक दिसतायत ते फक्त जाडे दंड. हा मोठा पट्टा घेऊन जा."

मोठ्या पट्ट्यात तिघेही एकशे वीसच्या आसपास आले. शिंप्याला वाटलं, आता आनंदीआनंद होईल. पण घरात सुतकी कळा पसरली.

"म्हणजे मी चिडते ते जनुकामुळे नाही?" बहिणीने विचारलं. "मी नुसतीच भांडखोर?"

"जरा घट्ट आवळून बघ रे," थोरला म्हणाला.

"दादा, चावी द्या," शिंप्याने हात पुढे केला.

थोरल्याने जड हाताने चावी काढली. तेवढ्यात शिंप्याची बायको दोन पिशव्या घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तीन महिने मी धडधाकट माणसांची उस्तवार केली?"

तिने खुर्ची ओढली आणि जुना पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. तो तिला अगदी मापात बसला. एकशे पंच्याऐंशी! दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं, तर एकशे अठ्ठ्याऐंशी. फोनवर डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी दवाखान्यात या. तोवर घरच्या कटकटीपासून लांब राहा."

बहिणीचे डोळे चमकले. "वहिनी, हे आनुवंशिक असेल का गं?"

"नाही, हे सासरचं आहे."

तिने थोरल्याच्या हातातली चावी उचलली.

"अगं, दुकान माझं..." शिंपी म्हणाला.

"तिथे शांतता असते. मी बसते. पिशवीत भाजी आहे, निवडून ठेवा."

ती जिना उतरून गेली. शिंप्याने टेप गळ्यात अडकवली आणि पिशवी पुढ्यात ओढली.