इनामदार डॉक्टरांची तपासणी

यवतचे इनामदार डॉक्टर आजाऱ्याच्या आधी घरच्यांना तपासत. सायकल भिंतीला टेकवली की पहिला प्रश्न, "म्हातारा कोणत्या कुशीवर झोपतो?"

एका बड्या घरी या प्रश्नावरून सहा लेकांत डावी-उजवीचं भांडण लागलं. डॉक्टरांनी तिथंच पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "इथं ह्यांचं कुणी न्हाई. तिथं निदान नर्स तरी हाय."

एका हिवाळ्यात खुटबावला आमच्या आबांना न्यूमोनिया झाला. वय पंचाहत्तरीपुढं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी त्यांना रेल्वेनं पुण्याला न्यायच्या तयारीत होतो. डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला. मी शाळामास्तर, तीसपर्यंत पाढे पाठ; पण आबांची कूस काही सांगता येईना.

आतून माझी बायको म्हणाली, "उजव्या. डावीकडं वळले की खोकतात. आन् पाणी वाटीनंच पितात."

"पुण्याचं निम्मं काम इथंच झालंय," म्हणत डॉक्टरांनी स्टेथास्कोप काढला. बराच वेळ छाती ऐकली. मग मला अंगणात नेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, धोका दोन्हीकडं हाय. गाडीच्या धक्क्यांनी हे पार दमतील. पेनिसिलीन मी येऊन देतो. परवापर्यंत उतार न्हाई पडला, तर मीच संगं येतो पुण्याला."

दिवसातून दोनदा ते सायकल हाणत यायचे. तिसऱ्या सकाळी ताप उतरला आणि आबांनी भाकरी मागितली.

तरी डॉक्टर येतच राहिले. उगाच नाडी धरून बसायचे. एका दुपारी आबा म्हणाले, "साहेब, मी बरा हाय. तुमचं काय दुखतंय?"

डॉक्टरांनी खिशातून पत्र काढलं. फाळणीनंतर त्यांचा धाकटा भाऊ आईला घेऊन कराचीला गेला होता. डॉक्टर पेशंट सोडून गेले नाहीत. भावानं लिहिलं होतं, अम्मीला ताप आहे, दम लागतो. पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं.

"उत्तर धाडलं?"

"धाडलं. इंजेक्शन, शेक, उशी किती उंच ठेवायची, सगळं लिहिलं. पण ते पोचंल तवा..."

आबा बाजेवर सरकले आणि शेजारी जागा केली. डॉक्टर टेकले. बायकोनं आणलेला चहा निवून गेला. दौंडकडची गाडी धडधडत गेली, तरी दोघं तसेच बसून होते.