खडीसाखरेतला दोरा

तळोद्याच्या जीप स्टँडवर सुकलाल सर रोज सकाळी अक्कलकुव्याच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसतात, आणि जीप भरली की उतरून घरी जातात. त्यांना कुठंच जायचं नसतं.

आमच्याकडं जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही. सगळे सावलीत उभे राहून एकमेकांकडं बघतात. सर पिशवी मांडीवर घेऊन बसले की दोघं येतात, मग पाच, मग मागं लटकायलासुद्धा भांडण.

सरांनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. "एकटा मानूस काय करी, देवलेबी माहीत नही," ते म्हणतात. "पन गर्दीले नियम शे. खडीसाखरमा दोरा ऱ्हास ना? साखर त्यान्हावरच जमस. मी दोरा शे."

"ओ दोरा, उतरा आते! शीट अडकनं!" ड्रायव्हर ओरडतो.

एकदा तो त्यांना उतरवायलाच विसरला. मधोमध चेपलेले सर थेट अक्कलकुव्याला पोचले. दुपारी परतले ते खुशीत. "दोरा अडकना म्हणजे साखर बरी जमनी!"

मी सांगलीकडचा, सातवीतनं शाळा सोडलेला. इथं चहाची टपरी टाकली तेव्हा आठवडाभर माझ्या बाकड्यावर कोणी टेकलं नाही. आता गावी काय तोंड दाखवू, या काळजीनं अन्न गोड लागेना. आठव्या दिवशी सर येऊन बसले. अर्ध्या तासात बाकडं भरलं. सर उठून गेले. चहा अर्धा तसाच. त्या अर्ध्या कपाचं ऋण मी विसरलेलो नाही.

परवा सरांच्या बायकोचं वर्षश्राद्ध झालं. सरांनी अख्ख्या स्टँडला वरण-बट्टी जेवायला बोलावलं होतं. पहाटेपासून एकट्यानं बट्ट्या तळल्या होत्या. मी गेलो तर अंगणात पत्रावळींची रांग, आणि रांगेत एकही माणूस नाही. ड्रायव्हर, हमाल, सगळे फाटकाबाहेर एकमेकांकडं बघत उभे. सर तुपाची वाटी घेऊन मध्ये. यजमानाला आधी बसता येत नाही ना.

चारचौघांत पहिलं बसणं माझ्याच्यानं कधी होत नाही. तसाच जाऊन बसलो.

मग दोघं आले. मग पाच. पंगत भरली, फाटकात माणसं खोळंबली, तसा मी जागा करून द्यायला उठू लागलो.

सरांनी माझा खांदा दाबला.

"तू उतरू नको रे. हाई गाडी कुठंच जात नही."