विलासभाऊंना मधला माणूस चालत नाही

आमच्या वरच्या खोलीत राहणारे विलासभाऊ कुणाच्या हातून निरोप घेत नाहीत. भाजी झाली असं मी आमच्या ह्यांच्याकडून कळवलं, तर भाऊ खाली येऊन मलाच विचारतात, "वहिनी, भाजी झाली काय?" मी हो म्हटलं की पुन्हा वर जाऊन ताट आणतात. दूधसुद्धा सायकलवर भरवेली गावाच्या वाटेला जाऊन, म्हशीचं तोंड बघून घेतात. "मधला माणूस आला का घोटाळा आला," असं त्यांचं म्हणणं. चाळिशी उलटली, लग्न नाही. मध्यस्थाशिवाय जमणार कसं, असं आमचे हे म्हणतात.

भाऊ कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितात. सोबतचे लोक नागपूर, इंदूर, कुठे कुठे बसलेले. सगळे वापरतात ते बोलण्याचं अ‍ॅप भाऊंनी त्यांना सोडायला लावलं. एकाच मालकाच्या अंगणातून साऱ्यांनी काहून जावं, हा त्यांचा सवाल. मग नवीन निवडायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

मी पोळ्या लाटत होते तेव्हा त्यांनी मला समजावलं. रस्ते दोन. एक फेडरेटेड. ज्याने त्याने आपलं मशीन ठेवायचं, जसं गावोगावचं पोस्ट. मशीनं एकमेकांना निरोप पोचवतात, माणूस नसला तर सांभाळून ठेवतात. दुसरा डिसेंट्रलाइज्ड. त्यात मशीनच नाही, निरोप फोनमधून थेट फोनमध्ये. फक्त दोघांचे फोन एकाच वेळी चालू पाहिजेत.

"हा खरा," भाऊ दुसऱ्याबद्दल म्हणाले. चेहरा असा, जणू पोरगी पसंत पडली. सोबतचे लोक पहिलाच मागत होते, पण भाऊ काहींना फोनवर हिंदीत हरवत आणि उरलेल्यांना इंग्रजीत. मला शब्द कळत नसत, तरी ऐकत राहावंसं वाटे. एवढा जीव लावून बोलणारी माणसं थोडीच असतात.

थेट रस्ता तपासायला त्यांनी तो आईच्या फोनवर टाकला. आई गावी, लामत्याला एकटी राहते. आधी ती बसच्या कंडक्टरकडून निरोप पाठवायची, ते भाऊंनी बंद केलं.

एका सकाळी भाऊंच्या फोनमधून आईचा आवाज आला. "इलास, म्हैस व्याली. खरवस करून ठेवला हाय. ये."

भाऊ मिळेल त्या बसने गेले. संध्याकाळी परतले. ताट न्यायला आले नाहीत, म्हणून मी वर नेऊन दिलं. तेव्हा सांगितलं. निरोप जुना होता. तिकडे लाइट नाही म्हणून आईचा फोन बंद. तिचा सुरू झाला की कामासाठी भाऊंचा बंद. तोवर खरवस आंबला, म्हातारीने फेकून दिला.

"चिडली काय माय?" मी विचारलं.

"नाई न. म्हने, कामात अशीन तू."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सोबतच्या लोकांना कळवलं, फेडरेटेडच घ्यायचं. कारणं पुष्कळ दिली, सगळी इंग्रजीत. खरवसाचं नाव कुठे आलं नाही. निरोप सांभाळणारं मशीन म्हणून एक लहानशी पेटी त्यांनी आपल्या खोलीत मांडली, आईच्या फोनची जोडणीही तिलाच दिली.

परवा त्यांना गोंदियाला जायचं होतं. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "वहिनी, लाइट गेली तं बॅटरीचं बटन दाबजा. माय दुपारी बोलते."

दुपारी लाइट गेली. मी वर जाऊन बटन दाबलं. पेटीवर हिरवा दिवा लागला. खाली भांडी पडली होती, तरी लाइट येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.